हुडगे सर आणि तिसरी बाटली

हुडगे सरांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा सरांनी माझं पिंप रस्त्यावर उपडं केलं.

भूकंप होऊन पाच-सहा दिवस झाले होते. आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेची तुकडी लातूर जिल्ह्यातल्या एका गावाबाहेरच्या छावणीत कामाला होती. मी हिमायतनगरहून नांदेडला शिकायला आलेली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. छावणीत लेकरांना जुलाब लागले होते आणि उकळून निववलेल्या पाण्यात साखर-मीठ कालवायचं काम माझ्याकडे होतं. बाया लोटे घेऊन रांगेत बसल्या होत्या. तेवढ्यात पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ आले. त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून काचेचा तरता काटा, म्हणजे हायड्रोमीटर, काढला, माझ्या पिंपात सोडला, गुडघ्यावर बसून पाहिला, पुसला, पुन्हा सोडला.

"मीठ कोणी टाकलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"अजून कोणी?"

मागे उभ्या असलेल्या मैत्रिणीनं हळूच हात वर केला. तिनंही टाकलं होतं. पण सरांचं समाधान होईना. "पाणी जड झालंय एवढंच काटा सांगतो," ते म्हणाले. "मिठानं जड झालं का साखरेनं, हे त्याला कळत न्हाई. साखर किती वेळा टाकली?"

ते काही मला आठवेना. मी वैतागून म्हणाले, "मग चाखून बघा की." सरांनी खरंच ओंजळीत घेऊन चाखलं. "खारट हाय. पण किती खारट ते जीभ सांगत न्हाई," असं म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी पिंप कलंडवलं. रांगेतल्या बायांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. नवं पाणी उकळून निवेपर्यंत दीड तास गेला आणि तेवढा वेळ सर माझ्यासमोर सराफाच्या तराजूवर मिठाच्या पुड्या तोलत बसले. या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही असं मी त्याच दिवशी ठरवलं होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी मी एम.फिल.साठी त्याच माणसासमोर जाऊन उभी राहिले. नांदेडच्या ज्या कॉलेजात सर शिकवत, तिथल्या विभागात दुसऱ्या कोणाकडे जागा शिल्लक नव्हती, हे खरं कारण. अमृतमहोत्सवाच्या अशा ग्रंथात "सरांच्या विद्वत्तेने भारावून" असं लिहायची पद्धत आहे याची मला कल्पना आहे. संपादकांनी तशी सूचनाही केली होती. पण सरांविषयी लिहिताना खोटा आकडा टाकायचा, हे माझ्यानं होणार नाही. एकदा टाकला होता, त्याविषयी पुढे सांगणारच आहे.

सरांनी मला पहिल्या दिवशी एक रिकामी काचेची बाटली दिली. द्रवाची घनता काढायची ती छोटी, बुचाला केसाएवढं भोक असलेली बाटली. म्हणाले, "हिचं वजन करा." मी केलं. "पुन्हा करा." चार दिवस मी रिकाम्या बाटलीचं वजन करत होते. धुवायची, वाळवायची, थंड होऊ द्यायची, चिमट्यानं धरून तराजूत ठेवायची. पाचव्या दिवशी मी विचारलं, "सर, हिच्यात काही भरायचं कधी?" त्यावर ते अगदी सहज म्हणाले, "अजून तिचंच वजन ठरंना, मग आतल्याचं काय सांगणार बाई?" सरांच्या तोंडी प्रत्येक विद्यार्थिनी ही बाईच. पुढे मी बाटल्या तोलत असतानाच माझ्याबरोबरच्या मुली एम.फिल. संपवून लग्नपत्रिका वाटत होत्या.

सरांचं आयुष्यभराचं काम कशावर, हे या ग्रंथाच्या वाचकांतल्या अनेकांना आजही नीट माहीत नसेल, म्हणून सांगते. ग्लायकॉल नावाचा एक दाटसर, चवीला गोड पण विषारी द्रव असतो. पाणी गोठू नये म्हणून थंडाव्याच्या यंत्रात तो पाण्यात मिसळतात. त्यात मीठही असलं की तिघांचं मिश्रण होतं, आणि पाहणाऱ्याला त्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. पाण्यासारखं पाणी. त्यात ग्लायकॉल किती आणि मीठ किती, हे ते मिश्रण न फोडता, केवळ मोजमापावरून सांगायचं, हा सरांचा ध्यास. मीठ द्रवाला फार जड करतं, पण प्रकाशाला त्या मानानं थोडाच वाकवतं. ग्लायकॉल जड थोडंच करतं, प्रकाशाला मात्र चांगलं वाकवतं. म्हणून घनता आणि अपवर्तनांक अशी दोन मापं घ्यायची आणि दोन्हींची सांगड घालून दोन उत्तरं काढायची. ऐकायला सोपं आहे. मात्र दोन्ही मापं चौथ्या दशांशापर्यंत बरोबर हवीत, आणि दोन्ही वेळी द्रवाचं तापमान ठरल्याप्रमाणे तीस अंशच हवं, कारण द्रव तापला की हलकाही होतो आणि प्रकाशही कमी वाकवतो.

आता नांदेडला मे महिन्यात तीस अंश आणायचे कुठून? खोलीतच चाळीस असत. सरांनी त्यासाठी एका जुन्या कूलरचा पंप, एक पितळी घंगाळ आणि बाजारातला बर्फ यांचं एक प्रकरण तयार केलं होतं. घंगाळातल्या पाण्यात बाटली बुडवून ठेवायची, पंप पाणी फिरवणार, एकानं बर्फाचे खडे टाकत राहायचं आणि दुसऱ्यानं थर्मामीटरवर डोळा ठेवायचा. लाइट गेली की पंप बंद, आणि पंप बंद की सगळं मुसळ केरात. लाइट तर दिवसातून तीनदा जायची. मग सर शांतपणे बाटली रिकामी करत आणि म्हणत, "चला, पहिल्यापासून." त्यांच्या त्या "चला"चा मला इतका राग यायचा की अजूनही कोणी चला म्हटलं की मी जागची हलत नाही.

विभागात सरांना मागून चौथा दशांश म्हणत. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, एकदा मला म्हणाल्या होत्या, "आंतरपाट धरल्यावरही हे घड्याळ बघून राहिले होते. भटजीच्या घड्याळात आन् यांच्या घड्याळात फरक निघाला." काकूंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी मी जवळजवळ रोज खाल्ली. परीक्षा संपल्यावर वसतिगृह बंद झालं, तेव्हा मी कुठे राहणार हे मला सुचायच्या आत माझी ट्रंक सरांच्या घरी पोहोचली होती. सरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला दारावर टकटक करून म्हणाले, "बाई, आत्ता खोली एकतीसवर हाय. चला." उपकार करायचा आणि त्याच हातानं माणसाची झोप घालवायची, ही सरांची रीत होती.

माझी एक वर्षाची एम.फिल. या चालीनं किती वर्षं चालेल याचा हिशेब मी करू लागले होते. त्याच सुमारास लातूरला कोचिंग क्लासेसचं पेव फुटलं होतं. गल्लीगल्लीत फलक लागत होते, आणि विज्ञान बरं शिकवणारा कोणीही माणूस मिळाला की क्लासवाले त्याला उचलून नेत होते. मलाही एका क्लासचं बोलावणं आलं. मे महिन्याच्या अखेरीस डेमो लेक्चर, आवडलं तर जूनपासून नोकरी. घरी वडिलांना मी कळवूनही टाकलं होतं. सरांना सांगितलं तर म्हणाले, "जा की. पण हातातलं झाल्यावर." हातातलं कधी होणार, हे अर्थातच सांगितलं नाही.

हातातलं म्हणजे यासीनभाईंचं प्रकरण.

यासीनभाई नांदेडचेच. पूर्वी आमच्या कॉलेजची शीतकपाटं दुरुस्त करायला येत, त्यामुळे सरांना ओळखत. पुढे लातूरजवळच्या एका दूध शीतकरण केंद्रात ते यंत्रचालक झाले. आठवडाभर तिकडे, सुट्टीला घरी. एके दिवशी ते प्रयोगशाळेच्या दारात चपला काढून उभे राहिले. हातात यंत्रातल्या पाण्याच्या दोन बाटल्या होत्या.

"सर, मला चोर ठरवून राहिले," ते म्हणाले.

केंद्रातल्या यंत्रात ग्लायकॉलचं पाणी फिरत असे आणि ते दूध गार करत असे. काही महिन्यांपासून दूध पुरेसं गार होईना. वरच्या कार्यालयानं तपासणी केली, तेव्हा ग्लायकॉल निम्म्यावर आलेलं आणि त्यात मीठ निघालं. रोज तरता काटा टाकून घनता पाहायचं काम यासीनभाईंचं होतं, आणि त्यांच्या वहीत काटा रोज बरोबर होता. मग संशय सरळच होता: यानं ग्लायकॉल काढून विकलं, वर पाणी ओतलं आणि काटा फसावा म्हणून त्यात मीठ कालवलं. यासीनभाईंना घरी बसवलं होतं, चौकशी लागली होती. मोहल्ल्यात ती बातमी त्यांच्याआधी पोहोचली होती. आठवीतल्या मुलीला शाळेत कोणीतरी ग्लायकॉलवाल्याची म्हणून हाक मारली, तेव्हापासून ती शाळेत जाईना.

"पंधरा वर्षं झाली यंत्रावर," यासीनभाई म्हणाले. "एक थेंब न्हाई काढला मी. पण मीठ आलं कुठून ते मलाबी सांगता येईना. मी काय सांगू त्यांना?"

सरांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या. मग विचारलं, "मिठाचं पाणी दुसरीकडं कुठं हाय तिथं?"

होतं. ते केंद्र एका जुन्या बर्फखान्यातच उभं होतं. बर्फखान्याची मिठाच्या पाण्याची मोठी टाकी तशीच चालू होती आणि तीच ग्लायकॉलला गार करत असे. एका बाजूला मिठाचं पाणी, दुसऱ्या बाजूला ग्लायकॉल, मध्ये फक्त पत्र्याची भिंत.

"मंग तिसरी बाटली आणा," सर म्हणाले. "त्या टाकीतली."

मला त्या क्षणी कळलं आणि मनातल्या मनात मी सरांना हात जोडले. चोरानं ग्लायकॉलमध्ये मीठ घातलं असतं, मिठाच्या टाकीत ग्लायकॉल कशाला घातलं असतं? पण भिंतच फुटली असेल, तर पंप चालू असताना ग्लायकॉल तिकडे गेलं असणार आणि लाइट गेल्यावर मिठाचं पाणी इकडे आलं असणार. अशा वेळी टाकीतल्या मिठाच्या पाण्यात थोडं तरी ग्लायकॉल सापडलंच पाहिजे. टाकी मोठी, त्यामुळे सापडलं तरी ते शंभरात एखादा भाग असणार. म्हणजे सगळं पुन्हा चौथ्या दशांशावर आलं. केंद्राचे व्यवस्थापक सरांचा निकाल मानायला तयार झाले, पण त्यांना तो चौकशीच्या तारखेआधी हवा होता.

तिसरी बाटली आली. सर आणि मी आधी माहितीतली मिश्रणं करून मापं बांधत बसलो. मीठ तव्यावर भाजून कोरडं करायचं, ग्लायकॉल मापानं न घेता वजनानं घ्यायचं, एकेक मिश्रण तीन-तीनदा. यासीनभाई रोज अकराला येत, बाहेरच्या बाकावर तासभर बसत, काही न विचारता निघून जात. त्यांना पाहिलं की मला सरांचा संताप यायचा. एका माणसाच्या घरात चूल पेटते की नाही याची पंचाईत असताना हा माणूस मीठ भाजत बसला आहे, असं मला वाटे. तसं मी बोललेही. सर म्हणाले, "म्हणूनच तर भाजून राहिलो."

मग मधेच सरांच्या चुलत भावाचं लग्न जळकोटला निघालं आणि दोन दिवस सर गेले. जाताना म्हणाले, "तिसऱ्या बाटलीला हात लावायचा तर सकाळी लावा. दुपारी न्हाई."

मी दुपारी लावला.

दुसऱ्या दिवशी लातूरला माझा डेमो होता. सकाळी मी त्याच्या तयारीत होते. दुपारी दोनला बसले, अडीचला लाइट गेली. पंप थांबला. बर्फाचं पोतं केव्हाच पाणी झालं होतं. चला, पहिल्यापासून, असं म्हणायला सर नव्हते आणि मला ते म्हणायचं नव्हतं. मी बाटली भरली, तोलली, अपवर्तनांक घेतला, अकरा मापं घेतली आणि वहीत तापमानाच्या रकान्यात अकरा वेळा तीस पूर्णांक शून्य लिहिलं. थर्मामीटर घंगाळात होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. चुकून पाहिलं नाही असं म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं, म्हणून पाहिलं नाही.

गणित केलं. टाकीतल्या पाण्यात ग्लायकॉल निघालं नाही.

चारच्या सुमारास कार्यालयातला शिपाई बोलवायला आला, केंद्रातून फोन होता. व्यवस्थापक विचारत होते, काय झालं आमच्या बाटलीचं. मी म्हणाले, "टाकीच्या पाण्यात ग्लायकॉल नाही. हुडगे सरांनी असं कळवायला सांगितलंय." हे शेवटचं वाक्य मी का जोडलं? एका एम.फिल.च्या पोरीच्या शब्दाला वजन नाही म्हणून. पलीकडून ते म्हणाले, "म्हणजे चोरीच." मी फोन ठेवून बॅग भरायला गेले.

सर संध्याकाळच्या गाडीनं एक दिवस आधीच परत आले आणि घरी न जाता थेट प्रयोगशाळेत. मी बॅग घेऊन निघाले, प्रयोगशाळेत दिवा दिसला म्हणून डोकावले, तेव्हा वही त्यांच्यासमोर उघडी होती. एकाखाली एक अकरा ओळी. सर तापमानाच्या रकान्यावरून बोट खाली नेत होते. पंचवीस वर्षं थर्मामीटर वाचणाऱ्या माणसाला अकरा वेळा एकच आकडा कसा येतो हे सांगायची गरज नसते.

"दुपारी लाइट होती का?" त्यांनी विचारलं.

"नव्हती."

"कोणाला कळवलं का हे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, त्यांचं नाव घेतलं हेही. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. मला ते हवं होतं, खरं सांगते. सर उठले, चपला घातल्या आणि कार्यालयाकडे गेले. मी मागोमाग. त्यांनी व्यवस्थापकांच्या घरी फोन लावला.

"मी हुडगे बोलून राहिलो. दुपारी तुम्हाला जो आकडा दिला, तो चुकीचा हाय... हो, माझाच. मी थर्मामीटर बघितला न्हाई... न्हाई साहेब, सगळी चूक माझीच. आठ दिवस द्या."

पलीकडचा आवाज मला दारातही ऐकू येत होता. नोटीस टाइप झाली आहे, यासीनला शेजाऱ्यांच्या फोनवर सांगूनही झालं आहे, तुम्ही लोक आमचा खेळ करता काय. सर प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होते. फोन ठेवल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमची गाडी किती वाजता हाय?"

"सर, मी थांबते."

"कशाला? मापं एका हातानं घेतलेली बरी. डेमो द्या तुम्ही."

आणि मी गेले. रागावून थांबवलं असतं तर थांबले असते, असं मी पुढे कैक वर्षं स्वतःला सांगत आले. डेमो चांगला झाला. जूनपासून मी लातूरला शिकवू लागले. एम.फिल. अर्धीच राहिली.

पुढचं मला काकूंच्या पत्रातून कळलं. सरांनी आठ दिवस पहाटे उठून, बर्फ स्वतः खांद्यावर आणून, तिसरी बाटली पहिल्यापासून मोजली. टाकीच्या पाण्यात ग्लायकॉल निघालं. शंभरात एक भाग, थोडं वरच. केंद्रानं कुरकुरत यंत्र उघडलं, तर मधल्या पत्र्याच्या सांध्यात केसासारखी फट होती. भूकंपात केंद्राची इमारत हललेली सगळ्यांना आठवत होती, पण भिंतींना तडे नाहीत म्हणून यंत्राकडे कोणी पाहिलंच नव्हतं. यासीनभाईंना पुन्हा कामावर घेतलं गेलं. सरांनी दिलेल्या अहवालाच्या शेवटी एक वाक्य होतं: "याआधी तोंडी कळवलेला निष्कर्ष माझ्या निष्काळजीपणामुळे चुकीचा होता, त्यामुळे श्री. यासीन यांना झालेल्या त्रासास मी जबाबदार आहे." त्या अहवालाची प्रत यासीनभाईंना मिळाली होती.

ग्रंथाच्या या पानावर मला खरा वैताग मांडायचा आहे तो याच वाक्याचा.

यासीनभाईंनी ते वाक्य वाचलं आणि विश्वास ठेवला. का ठेवू नये? शेजाऱ्यांच्या फोनवर नोटिशीचं ऐकून ते ज्या संध्याकाळी घरी परतले, त्या संध्याकाळी त्यांच्या घरात काय झालं, ते मला त्यांच्या मुलीनं पुढे सांगितलं. ती बारावीला माझ्या क्लासला आली. मी तिची चांगली तयारी करून घेतली, ती औषधनिर्माणशास्त्र शिकली, आज तिचं स्वतःचं दुकान आहे. यासीनभाई मला मॅडम म्हणत. दर ईदला माझ्या घरी शीरखुर्म्याचा डबा येई. आणि सरांचं घर त्यांच्या मशिदीच्या वाटेवर असूनही, सर समोरून आले की यासीनभाई मान फिरवून पुढे जात. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सरांनी हात वर केला आणि तो तसाच खाली आला.

मी सरांना कितीदा म्हटलं, आता तरी सांगू द्या. सरांचं एकच: "त्यात काय सांगायचं? प्रयोगशाळा माझी, बाटली माझ्या नावानं आली. मी तिथं नव्हतो, ही चूक माझीच न्हाई का?" मग मी गप्प बसे. सरांना पटत नाही म्हणून मी गप्प बसते, असं मी मानत होते. शीरखुर्माही खात होते. सरांच्या संथपणाचे किस्से सांगून मी क्लासमध्ये पोरांना हसवलं आहे, त्यात यासीनभाईंच्या प्रकरणाचाही किस्सा असे, आणि त्यात "चूक" करणारे सरच असत.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मी सरांकडे गेले आणि म्हणाले, या वेळी परवानगी मागायला आलेले नाही. सर पंच्याहत्तरीतही खुर्चीत ताठ बसतात. म्हणाले, "एक सांगायचं राहून गेलं बाई. तुमचा त्या दिवसाचा आकडा मी नंतर तपासून बघितला होता. घंगाळ सदतीसवर गेलं असं धरलं, तर तुमची अकराच्या अकरा मापं बरोबर येतात. वजनात कुठं चूक न्हाई. हात चांगला होता तुमचा."

सत्तावीस वर्षं हे त्यांनी स्वतःपाशी ठेवलं होतं, आणि सांगितलं तेही हवामान सांगावं तसं. मी तिथेच काकूंच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. काकू म्हणाल्या, "मलाबी कधी सांगितलं न्हाई बघ यांनी."

तिथून मी यासीनभाईंकडे गेले. आता ते निवृत्त आहेत. ओसरीवर खुर्ची टाकून बसले होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "तो फोन तुमी केलता?"

"हो."

"आन् सरांनी लिवलं की मी केला."

"हो."

आतून चहा आला, त्याला मी हात लावला नाही, त्यांनीही घ्या म्हटलं नाही. मग म्हणाले, "सत्तावीस वर्षं. घरी असलो की रोज समोरून जायचे सर. मी सलाम न्हाई केला." नंतर त्यांनी सरांच्या अमृतमहोत्सवी कार्यक्रमाची तारीख विचारली. मी सांगितली, आणि म्हणाले, मी गाडी घेऊन न्यायला येते.

"येतो मी," यासीनभाई म्हणाले. "पण तुमच्यासंग न्हाई."

या ईदला माझ्याकडे डबा आला नाही. येऊ नये, हेच बरोबर आहे.

सरांच्या स्नेही-शिष्यांना माझी एवढीच विनंती आहे. कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात एक उंच, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ येतील, त्यांना वाट करून द्या. आणि सर, तुम्ही त्या वेळी "चूक माझीच हाय" असं एकदाही म्हणू नका. आयुष्यात एकदा तरी तुमच्या विद्यार्थिनीचं ऐका आणि गप्प बसून तो सलाम घ्या. तुम्हाला निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, गुडघे चालत राहोत, डोळ्यांना बारीक रेघा दिसत राहोत. मशिदीच्या वाटेवर तुम्ही आणखी पुष्कळ वर्षं रोज समोरून जायला हवं. सत्तावीस वर्षांचे सलाम राहिले आहेत, आणि एका दिवशी एकच घेता येतो.